छोटा बोर्ड घेताय? आधी मे महिना आठवा!

गेमिंग पीसी जुळवायचाय, पण होस्टेलचं टेबल इवलंसं. मग नजर जाते छोट्या मदरबोर्डकडे. पर्याय मुख्यतः दोन. मिनी-आयटीएक्स म्हणजे 17 सेंटिमीटरचा चौकोन. मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त 24.4 सेंटिमीटरचा.

मिनी-आयटीएक्स दिसतो भारीच! पण त्यावर रॅमचे सहसा दोनच स्लॉट आणि कार्डासाठी एकच. ग्राफिक्स कार्ड लावलं, की संपलं. त्याच चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बहुतेकदा स्वस्त पडतो आणि त्यात रॅमचे चार स्लॉटवालेही मिळतात. आज 16 जीबी घ्या, पुढच्या वर्षी पैसे जमले की वाढवा.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा 45 अंशांच्या पुढे. पीसी आत ओढतो ती खोलीतलीच हवा. खोली 10 अंशांनी जास्त तापली, की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. मर्यादा गाठली, की तो आपणच वेग कमी करतो आणि ऐन रंगात आलेली मॅच अडखळायला लागते. छोट्या कॅबिनेटमध्ये कूलर लहान, पंखे कमी. त्यात कोळशाची धूळ!

म्हणून दर सुट्टीत पीसी एसटीतून गडचिरोलीला न्यायचा असेल, तरच मिनी-आयटीएक्स. एका जागी राहणार असेल, तर मायक्रो-एटीएक्स घ्या. वाचलेले पैसे मोठा कूलर आणि धूळ अडवणारी जाळी असलेल्या कॅबिनेटवर घाला. आणि हो, पैसे मोजण्याआधी प्रोसेसरचा सॉकेट आणि रॅमचा प्रकार जुळतोय ना, तेवढं बघाच.