सुटली, सुटली असेल, सुटली असावी

चुडावा हे पूर्णा आणि नांदेडच्या मधलं, परभणी जिल्ह्यातलं छोटं रेल्वेस्थानक. तिथे गाडीची वाट बघणाऱ्याला विचारा, "पूर्णा जंक्शनहून गाडी सुटली का?" "सुटली" म्हणाला तर पक्की खबर. "सुटली आसंल" हा नुसता अंदाज. "सुटली असणार" म्हणजे घड्याळ बघून केलेला हिशेब. "सुटली असावी" म्हटलं की काहीतरी खूण दिसलेली आहे, समजा फाटक लागलंय. आणि "सुटली म्हणं" म्हणाला की जबाबदारी सांगणाऱ्यावर!

यातलं "असेल" खरं तर भविष्यकाळाचं रूप. तरी "काल गाडी उशिरा सुटली असेल" असं आपण बिनदिक्कत म्हणतो. 'काल'च्या वाक्यात भविष्यकाळ, आणि कुणालाच खटकत नाही! उद्याची गाडी पाहिलेली नाही, तशीच कालचीही पाहिलेली नाही. भाषेच्या लेखी दोन्ही सारख्याच.

हजारो किलोमीटरवरच्या कोरियन भाषेलाही नेमकं हेच सुचलं आहे. तिथे क्रियापदात '-गेत-' घातलं की "मी करेन" असा इरादा व्यक्त होतो, आणि तेच '-गेत-' अंदाजालाही चालतं. समोर ताट आलं, घास अजून तोंडात गेलेला नाही, तेव्हा कोरियन माणूस म्हणतो, "माशित्केत्ता!" म्हणजे चवदार असणार!

त्याहून गमतीचं रूप 'ना ब्वायो'. लोक ओल्या छत्र्या घेऊन आत येताना दिसले की म्हणायचं, "पिगा ओना ब्वायो", पाऊस पडतोय वाटतं. यातलं 'ब्वायो' मुळात 'पाहणे' या क्रियापदाचं. आपणही "पाऊस आलेला दिसतोय" म्हणतोच की! मात्र खिडकीतून प्रत्यक्ष सरी दिसत असतील तर 'ना ब्वायो' चालत नाही. डोळ्यांनी पाहिलं तिथे अंदाज कसला?

म्हणूनच हे रूप स्वतःबद्दल सहसा वापरता येत नाही. अपवाद आपल्या नकळत घडलेल्या गोष्टींचा. "मला झोप लागली असावी" हे मराठीत चालतं, कोरियनमध्येही चालतं, कारण आपलीच झोप आपण पाहिलेली नसते. आता "मला भूक लागली असावी" असं घरी मोठ्याने म्हणून पाहा. जेवायला वाढण्याआधी कुणीतरी कपाळाला हात लावून ताप बघेल.