रूप पालटले की द्रव्य पालटले?
भस्मपरीक्षांचा एक विचार

औषधनिर्माणात एकच द्रव्य अनेक संस्कारांतून जाते. ते कुटले जाते, वस्त्रगाळ केले जाते, भावना देऊन वाळविले जाते आणि पुटात भाजले जाते. प्रत्येक संस्कारानंतर त्याचे रूप पालटते. परंतु रूप पालटले म्हणजे द्रव्यच पालटले असे नव्हे. भौतिक व रासायनिक बदलांतील हा भेद आपण सर्वांनी शालेय जीवनात शिकलेला आहे. भस्माची कुपी हाती घेताना तो विसरून चालणार नाही, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

भौतिक बदलात आकार, अवस्था वा सूक्ष्मता बदलते. द्रव्य तेच राहते. उघड्या बरणीतील कापूर उडून जातो व वजन घटते, पण ती वाफ थंड झाकणावर धरली तर पुन्हा कापूरच मिळतो. रासायनिक बदलात मात्र नवे द्रव्य निर्माण होते आणि त्याचे गुणधर्मही नवे असतात.

रंग व अग्नी हे निकष नव्हेत

पारद व गंधक यांचे खलात मर्दन केले असता पारदाची चकाकी व चंचलता नाहीशी होऊन काळी कज्जली तयार होते. येथे अग्नीचा संबंध नाही, तरीही पारदाचे गंधकाशी संयुग बनते. म्हणून हा बदल रासायनिक होय. हीच कज्जली वालुकायंत्रात पक्व केली की जादा गंधक जळून जातो आणि कुपीच्या गळ्याशी लाल रससिंदूर जमतो. अग्नी दीर्घकाळ दिला, काळ्याचे लाल झाले. परंतु संयुग पारद-गंधकाचेच राहिले. पालटली ती मुख्यत्वे त्याची स्फटिकरचना. तात्पर्य, केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या फरकावरून निर्णय करू नये.

शंखभस्माचे वजन

शंख हा प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेत त्यातून कर्बवायू निघून जातो व चुना उरतो. हा बदल पूर्ण झाला तर १०० ग्रॅम शुद्ध कार्बोनेटपासून सुमारे ५६ ग्रॅम चुना मिळतो. शंख पांढरा व ठिसूळ झाला, पण वजन फारसे घटले नाही, तर पुष्कळसे कार्बोनेट तसेच राहिले असे समजावे. सौम्य आम्ल टाकल्यास असे चूर्ण जोराने फसफसते. उलटपक्षी, पूर्ण भाजलेले भस्म उघडे राहिले तर हवेतील ओलावा व कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा कार्बोनेटकडे वळते. औषधविक्रेत्याने बरणीचे झाकण घट्ट लावणे ही केवळ टापटीप नव्हे. औषधाचे द्रव्य टिकविण्याचा तो उपाय आहे.

परीक्षा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते?

रेखापूर्णता, वारितर व उनम या परीक्षा सूक्ष्मता दाखवितात. भस्म बोटांच्या रेषांत शिरते, स्थिर पाण्यावर तरंगते, त्या थरावर तांदळाचा दाणा राहतो; हे सर्व कणांच्या लहानपणामुळे व पाण्याच्या पृष्ठताणामुळे घडते. अत्यंत बारीक केलेले न भाजलेले चूर्णही तरंगू शकते. म्हणून या परीक्षा भौतिक होत.

अपुनर्भव व निरुत्थ या परीक्षांचा प्रश्न वेगळा आहे. गूळ, गुंज, टंकण, मध व तूप यांसह भस्म पुन्हा तापविले असता धातू परत प्रकटतो काय? ज्ञात वजनाच्या रौप्यासह तापविल्यावर रौप्याचे वजन वाढते काय? ताम्रभस्म दह्यात ठेवले असता निळसर-हिरवी छटा येते काय? या परीक्षा धातूचा रासायनिक बदल पूर्ण झाला की नाही हे विचारतात. पहिल्या गटात उत्तीर्ण झालेले भस्म दुसऱ्या गटात अनुत्तीर्ण होऊ शकते. आणि कच्च्या ताम्राचे परिणाम रुग्णास भोगावे लागतात.

आणखी एक मर्यादा ध्यानी घ्यावी. रासायनिक बदलाने संयुग पालटते, मूलद्रव्य नाहीसे होत नाही. नागभस्मातील शिसे हे शिसेच असते. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. अशा वेळी ‘आमचे भस्म वारितर आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही. अपुनर्भव आहे, हेही पुरेसे नाही. मात्रा, पात्रता व प्रयोगशाळेतील तपासणी यांचे स्थान स्वतंत्रच राहते.

यास्तव निर्मात्यांनी प्रत्येक घाणीच्या नोंदीत पुटापूर्वीचे व पुटानंतरचे वजन लिहावे आणि दोन्ही गटांतील परीक्षांचे निष्कर्ष वेगवेगळे नोंदवावेत. वैद्यांनीही खरेदी करताना ही नोंद अवश्य मागावी. प्राचीन आचार्यांनी एकच परीक्षा न सांगता अनेक सांगितल्या, त्यांतील मर्म हेच असावे असे आम्हांस वाटते.