नेम चुकतो कुठे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा संपत आला होता. रेंजवर एक गृहस्थ मला भेटायला आले. त्यांची मुलगी क्लबच्या पॉइंट टू-टू रायफलवर दोन वर्षे सराव करीत होती. पहिल्या वर्षी गुण भराभर वाढले, मग एका आकड्यावर येऊन थांबले ते थांबलेच. रायफल जुनी झाली, तिच्यात आता दम नाही, असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवले होते. ते म्हणाले, "सर, पतसंस्थेचं कर्ज मंजूर होतंय. परदेशी रायफल घेऊन टाकू का?"

मी म्हटले, "घ्या, पण आठ दिवस थांबा. आधी या रायफलीचं दुखणं काय आहे ते तरी बघू."

त्या आठ दिवसांत आम्ही काय केले, ते आज सांगणार आहे. कारण असे आईवडील आता जास्त भेटतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक जिंकले, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली होती. ही दोन्ही यशे पॉइंट टू-टू रायफलवरची. साहजिकच घरोघरी पहिला प्रश्न येतो तो महाग रायफलीचा.

आधी ही रायफल काम कशी करते ते पाहू. हिच्या काडतुसाला 'रिमफायर' म्हणतात. काडतूस पेटवणारे रसायन पितळी टोपणाच्या मागच्या कडेत, म्हणजे रिममध्ये, भरलेले असते. फायरिंग पिन त्या कडेवर आदळली की रसायन पेटते, त्याने आतली दारू पेटते आणि शिशाची छोटी गोळी नळीतून निघते. नळीच्या आत आटे पाडलेले असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ जाते. आता मेख अशी, की ते रसायन प्रत्येक काडतुसाच्या कडेत अगदी सारखे पसरलेले नसते. म्हणून गोळीचा वेग थोडा कमीजास्त होतो.

थोडा म्हणजे किती? स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने सुटते. पन्नास मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने ती साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेगात दहा मीटरचा फरक पडला, तर टार्गेटवर ती सुमारे आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. आणि या टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ आहे अवघे १०.४ मिलिमीटरचे! छिद्र वर्तुळाच्या रेषेला शिवले तरी दहा मिळतात, हे धरले तर सगळ्या छिद्रांचे मध्य १६ मिलिमीटरच्या गोलात बसले पाहिजेत. हा १६ चा आकडा लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी आम्ही कशालाही हात लावला नाही. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली आणि दहा-दहा गोळ्यांचे चार पुंजके मारले. नेमबाज त्याला 'ग्रुप' म्हणतात. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नये. तीन गोळ्या योगायोगानेही एका ठिकाणी पडतात. दहा गोळ्या तसे फसवत नाहीत. ग्रुप आले ३० ते ३५ मिलिमीटरचे, म्हणजे कॅरमच्या सोंगटीएवढे. मुलीचा चेहरा उतरला, पण मला बरे वाटले. पिशव्यांवर टेकवूनही ग्रुप एवढा मोठा येतो, म्हणजे सगळा दोष तिच्या हाताचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्क्रू पाहिले. नळी आणि बोल्टचा भाग लाकडी दस्त्याला दोन स्क्रूंनी आवळलेला असतो. पुढचा स्क्रू जवळजवळ अर्धा फेरा सैल होता. तो सैल असला की प्रत्येक गोळीनंतर लोखंड लाकडात किंचित वेगळ्या जागी बसते. उपाय साधा आहे. रायफलीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क दाखवणाऱ्या पान्याने दोन्ही स्क्रू आवळायचे आणि तो आकडा वहीत लिहून ठेवायचा. अंदाजाने, जोर लावून आवळू नये. जास्त आवळल्यानेही लाकूड दबते आणि रायफल बिघडते.

तिसऱ्या दिवशी नळी आणि दस्ता यांच्या मधून एक कोरी नोट सरकवून पाहिली. नळी दस्त्याला कुठेही टेकू नये, अशी त्या रायफलीची रचना होती. पण मध्यावर नोट अडकली! पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगले होते. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते. ती थरथर दर वेळी सारखी असेल तर बिघडत नाही, पण लाकूड मध्येच टेकले की ती बदलते. आमच्या ओळखीच्या परवानाधारक कारागिराने दस्त्याची खाच आतून पॉलिश पेपरने थोडी घासली आणि पुन्हा ओल शिरू नये म्हणून लाकडाला तेलाचा हात दिला. खर्च झाला तो एका दुपारचा.

चौथ्या दिवशी नळीची सफाई केली. इथे नवशिके एक चूक हमखास करतात. ते सळई पुढून, नळीच्या तोंडातून घालतात. गोळीचा शेवटचा स्पर्श होतो तो त्या तोंडाच्या कडेला. तिथे बारीकसा टवका उडाला, तरी मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का बसतो. म्हणून सळई नेहमी मागच्या बाजूने घालावी, आणि तीही मार्गदर्शक नळी लावून. आमच्या रायफलीची कड सुदैवाने शाबूत होती. या दोन-तीन कामांनंतर ग्रुप २४-२५ मिलिमीटरवर आला.

मग आला गोळ्यांचा प्रश्न. सगळ्यात मोठा फरक पडला तो इथे. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गोळ्या असल्या, तरी प्रत्येक खेप वेगळी असते. खोक्यावर तिचा लॉट क्रमांक छापलेला असतो. एका रायफलीला जो लॉट मानवतो, तो शेजारच्या रायफलीला मानवेलच असे नाही. आम्ही क्लबमधल्या पाच वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या मागून घेतल्या. लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण नळीत आधीच्या गोळ्यांच्या वंगणाचा थर असतो आणि तो बदलायला वेळ लागतो. चार लॉट यथातथाच निघाले. पाचव्या लॉटने १५ ते १७ मिलिमीटरचे ग्रुप दिले, आणि तो काही सगळ्यांत महाग नव्हता. आठवतो ना आपला १६ चा आकडा?

या सगळ्यात एक पथ्य पाळले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ग्रुप मारायचा, वहीत लिहायचे आणि मगच पुढचे काम. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला आणि बिघाड कशाने झाला, काहीच कळत नाही.

शेवटी रायफल मुलीच्या अंगाला बसवली. दस्त्याची लांबी कमी केली आणि गाल टेकवण्याची पट्टी वर घेतली. तोपर्यंत ती मान वाकवून मागच्या साइटमधून पाहत होती, आणि दर वेळी मान थोडी वेगळी वाकत होती. गाल दर वेळी त्याच जागी टेकला, की डोळाही त्याच जागी येतो. हे काम एका पान्याने होते, आणि तरीही कित्येक मुले वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या मापाची रायफल घेऊन नेम धरत असतात.

आता काय करू नये, तेही सांगायला हवे. ट्रिगरच्या आतले भाग घरी घासून हलके करू नका. त्यात चूक झाली तर रायफल धक्क्यानेही सुटते, आणि मग प्रश्न गुणांचा राहत नाही, जिवाचा होतो. ट्रिगरचा बाहेरून फिरवायचा स्क्रूसुद्धा प्रशिक्षकासमोरच फिरवा. काडतुसाशिवाय ट्रिगर ओढण्याचा सराव करायचा असेल, तर आधी पुस्तिका पाहा. पुष्कळ रिमफायर रायफलींत मोकळी पिन नळीच्या कडेवर आदळून दोन्हींची खराबी होते. कामाला हात घालण्यापूर्वी बोल्ट उघडून नळी रिकामी असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा. आणि कायदा विसरू नका. आपल्याकडे ही रायफल परवान्याशिवाय बाळगता येत नाही, नळी कापून आखूड करणे हा गुन्हा आहे, आणि दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच व्हायला हवी.

आठव्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले. मी त्यांच्यासमोर दोन टार्गेटे ठेवली, पहिल्या दिवसाचे आणि त्या दिवसाचे. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोरगी बरोबर होती तर."

माझ्याही ते तेव्हाच ध्यानात आले. दोन वर्षे ती चांगली मारत होती आणि रायफल तिला खोटे पाडत होती. आपलेच चुकते असे समजून ती नेम बदलत गेली, आणि त्या नादात तिने काही वाईट सवयीही लावून घेतल्या. त्या मोडायला पुढे चार महिने लागले. स्क्रू आवळायला पाच मिनिटे लागली होती. ते पाहणे माझे काम होते, आणि मी ते दोन वर्षे केले नव्हते.

कर्ज त्यांनी त्या वर्षी काढले नाही. त्याच लॉटच्या गोळ्या घेऊन ठेवल्या आणि मुलीला तिच्या मापाचे जाकीट शिवले. दोन वर्षांनी तिने स्वतःची रायफल घेतली, तीही वापरलेली. विकणाऱ्याकडे गेल्यावर तिने आधी खिशातून एक कोरी नोट काढली आणि नळीखाली सरकवून पाहिली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)