चाकांवरचे घर आणि हक्काची रजा

मोटारघरातून केलेली सहल हा विषय आम्ही या व्याख्यानमालेसाठी निवडला, तेव्हा आमच्याच युनियनमधील काही मंडळींनी नाके मुरडली. जन्मभर बोनस, बडतर्फी आणि हजेरीपत्रक यांत गढलेल्या माणसाने श्रीमंतांच्या चैनीवर का बोलावे, असा त्यांचा रोख होता. आक्षेप वाजवी आहे. म्हणून प्रथम त्यालाच उत्तर देतो. सुट्टी ही चैन आहे असे मालकाने म्हटले, तर ते आम्ही समजू शकतो. परंतु कामगारानेच तसे म्हणावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. त्या वाचनातून एक गोष्ट ध्यानी आली, ती ही की, कामगाराला सुट्टी सहसा कोणी आपण होऊन दिलेली नाही. ती मागून, भांडून घ्यावी लागली आहे.

आपल्या मुंबईचेच पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरवून दिली. आमचे वडील गिरणीत होते. त्यांची रजा म्हणजे शिमग्याला नाहीतर गणपतीला गाव. तेथेही ते कौले शाकारीत, बांध घालीत. नुसते बसून पाण्याकडे पाहणे ही कल्पनाच त्यांना शिवली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ती संधी आम्हांस मिळाली. आमच्या चाळीतला एक बालमित्र पंचवीस वर्षांपासून इंग्लंडात लँकेशायरमध्ये राहतो व बस चालवतो. त्याने व त्याच्या एका गोऱ्या सहकाऱ्याने एक मोटारघर चार दिवसांसाठी भाड्याने घेतले, आणि आम्ही उभयता, ते दोघे व त्या सहकाऱ्याची दोन कुत्री असे सारे विंडरमियर सरोवराच्या काठी राहून आलो. इंग्लंडातील हे सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर, सुमारे १७ किलोमीटर लांब आणि त्या मानाने फारच अरुंद. भोवती डोंगर, आणि डोंगरावर मेंढ्या.

आता हे मोटारघर म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. बाहेरून ती मोठी व्हॅन दिसते. आत बाके आहेत. रात्री त्यांच्याच खाटा होतात. दोन शेगड्या, लहानसे शीतकपाट, हात धुण्याची मोरी आणि संडास. हा संसार चालतो तो काही मोजक्या गोष्टींवर. विजेसाठी दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी राखून ठेवलेली, दुसरी घरातल्या दिव्यांसाठी. रात्रभर दिवे जळले तरी सकाळी गाडी अडू नये, हा हेतू. पुष्कळ गाड्यांत शीतकपाट तीन प्रकारे चालते : प्रवासात बॅटरीवर, तळावर विजेच्या तारेवर आणि दोन्ही नसतील तेथे गॅसवर. गॅसही दोन जातींचा. ब्यूटेन शून्य अंशाच्या सुमारास वायुरूप होण्याचे थांबते, म्हणून थंडीत प्रोपेनचे सिलिंडर घ्यावे लागते. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड. गळती झाली तर ते जमिनीलगत साचतात. म्हणून तळाशी भोके ठेवलेली असतात. ती थंडी वाजते म्हणून चिंध्यांनी बुजविणे म्हणजे मरणाला आवतण देणे. शेगडीची ऊब घेत दारे-खिडक्या लावून निजणे त्याहून वाईट. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

पाण्याच्या दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची व दुसरी सांडपाण्याची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शंभर लिटर भरले की एक जाडा गृहस्थ गाडीत बसल्यासारखे होते. तेथे १९९७ च्या आरंभापासून ज्यांनी मोटारीचा साधा परवाना काढला, त्यांना सामान्यतः साडेतीन हजार किलोपर्यंतचीच गाडी चालविता येते. म्हणून माणसे, कुत्री, पाणी आणि भांडी यांचा हिशेब आधी करावा लागतो. संडासाखाली एक पेटी असते. ती भरली की ओढून काढायची, तळावर नेमून दिलेल्या जागीच रिती करायची आणि धुऊन परत बसवायची. हे काम चौघांनी पाळीपाळीने केले. ज्याला आपली घाण आपण उचलण्याची लाज वाटते, त्याने मोटारघराच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे मत झाले.

या घराचा मूळपुरुष मात्र असा नव्हता. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त आरमारी डॉक्टरने सहलीसाठी मुद्दाम बांधवून घेतलेली दोन घोड्यांची गाडी घेऊन इंग्लंडातून थेट स्कॉटलंड गाठले. बरोबर त्याचे न्यूफाउंडलंड जातीचे कुत्रे होते, आणि गाडी हाकायला एक नोकर व तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन वाट पाहून ठेवायला दुसरा! उलट, १९०१ साली सायकलवर तंबू लादून हिंडणाऱ्यांची मंडळी ज्याने स्थापिली, तो टॉमस हायरम होल्डिंग धंद्याने शिंपी होता. एकाने नोकरांच्या जिवावर मौज केली, दुसऱ्याने स्वतःच्या पायांवर. आजच्या मोटारघरात गाडी स्टेबल्सची असली तरी रीत शिंप्याची आहे, हे आम्हांस आवडले.

परंतु खरा प्रश्न गाडीचा नाही, जागेचा आहे. सरोवराच्या काठी बसावे कोणी? विल्यम वर्डस्वर्थ हा मोठा कवी याच प्रदेशातला. हा मुलूख एका अर्थी साऱ्या राष्ट्राचा ठेवा आहे, असे त्यानेच पूर्वी लिहिले होते. पण १८४४ साली विंडरमियरपर्यंत लोहमार्ग आणण्याची योजना निघाली, तेव्हा त्याने वर्तमानपत्रात पत्रे लिहून विरोध केला. त्याचे म्हणणे असे की, कारखान्यांतील मजुरांचे लोंढे येथे आणून त्यांचे काही भले होणार नाही. निसर्गाची गोडी लागण्यास मनाची तयारी लागते. लोहमार्ग १८४७ मध्ये आला, आणि मजूरही आले.

हे मजूर बहुतेक लँकेशायरच्या कापडगिरण्यांतले. तेथे वर्षातून एकदा गावातल्या साऱ्या गिरण्या एकदम बंद होत व गाव सहलीला निघे. या आठवड्याला 'वेक्स' म्हणत. मात्र त्या आठवड्याचा पगार नसे. म्हणून आपल्याकडील भिशीसारखी मंडळे काढून वर्षभर थोडेथोडे पैसे साठवीत. पगारी सुट्टीसाठी फार काळ झगडावे लागले. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये प्रचंड संप झाले आणि दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने किमान सहा दिवसांचा दंडक घातला, आणि १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये पगारी सुट्टीचा कायदा झाला. आज तेथे वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजेचा हक्क आहे.

वेळ मिळाली तरी जागा मिळत नव्हती. डोंगरांवर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेल्या जमिनी होत्या. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफील्डकडील शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या पठारावर मुद्दाम चढून गेले. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. ही आणि अशा अनेक चळवळींची पुण्याई म्हणून १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि १९५१ मध्ये हा सरोवरांचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान ठरला. सारांश, आम्ही ज्या काठावर चहा पीत बसलो, तो काठ आमच्यासारख्यांसाठी कोणी तरी तुरुंगात जाऊन मोकळा केलेला होता.

येथपर्यंत आमची छाती फुगलेली होती. ती तिसऱ्या दिवशी खाली आली. डोंगराच्या वाटेवर आम्ही दोन्ही कुत्री मोकळी सोडली. बिचारी दोन दिवस दोरीला बांधलेली. त्यांनाही स्वातंत्र्य हवे, असे मोठ्या तोऱ्यात आम्हीच सुचविले. एका कुरणापाशी धाकटे कुत्रे मेंढ्यांमागे धावले. त्याने एकीलाही चावा घेतला नाही, परंतु सारा कळप कुंपणाला जाऊन भिडला. मेंढपाळ आला. आमच्याच वयाचा, चिखलाने माखलेले बूट. तो ओरडला नाही. एवढेच म्हणाला की, या दिवसांत मेंढ्या गाभण आहेत, पळविल्या की गाभ टाकतात, आणि आपले वर्षाचे पोट याच महिन्यावर आहे.

आम्हांस उत्तर सुचले नाही. तेथील कायदा स्पष्ट आहे. लोकांना मोकळ्या ठेवलेल्या डोंगरांवर १ मार्च ते ३१ जुलैपर्यंत कुत्रे दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीने बांधून न्यावे लागते, आणि गुरामेंढरांजवळ तर बारा महिने. पण आम्हांस लाज वाटली ती कायद्याची नव्हे. ज्याला आम्ही निसर्ग म्हणून पाहत होतो, ते त्या माणसाचे कामाचे ठिकाण होते! आमच्या खात्यात कोणी पाहुणा येऊन चालू मागावर हात ठेवील, तर आम्ही त्याला काय म्हटले असते?

त्यानंतर सारेच वेगळे दिसू लागले. तळावरचे संडास सकाळी सहाला कोणी तरी धूत होते. अशा ठिकाणी राबणाऱ्या पुष्कळांना तेथेच घर घेणे परवडत नाही, कारण बाहेरच्या पैसेवाल्यांनी सुट्टीची घरे घेऊन किमती चढविल्या आहेत. सरोवराचे पाणीही तसेच. सांडपाण्यातून व शेतांतून स्फुरदयुक्त द्रव्ये पाण्यात उतरली की उन्हाळ्यात निळे-हिरवे शेवाळ माजते. त्यातील काही जाती विषारी असतात. ते पाणी पिऊन, किंवा पोहून आल्यावर अंग चाटून कुत्री दगावतात. विंडरमियरला हा उपद्रव होत आला आहे. जवळच थर्लमियर हे सरोवर बांध घालून वाढविले व १८९४ पासून त्याचे पाणी मँचेस्टरला नेले, जसे १८९२ पासून तानसाचे आपल्या मुंबईला. गिरणगावाने जे पाणी प्यायचे, त्याच पाण्याशी गिरणगावाने सुट्टीला जायचे. मग ते घाण करून कसे चालेल?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. सुट्टी हक्काने घ्या, ऐटीत घ्या. मित्र न्या, कुत्री न्या. वर्डस्वर्थ म्हणाला त्याप्रमाणे मजुराला सरोवर कळत नाही, हे खोटे आहे. परंतु ते खोटे ठरविणे आपल्याच हाती आहे. नेमल्या जागी गाडी लावावी, टाकी नेमल्या जागी रिती करावी, कुत्र्याची दोरी हातात ठेवावी, त्याला बंद गाडीत उन्हात सोडून जाऊ नये, आणि झाडणाऱ्या माणसाला निघताना नमस्कार करावा. आपली रजा दुसऱ्याच्या हजेरीवर उभी असते.

शेवटच्या सकाळी आम्ही तासभर नुसते पाण्याकडे पाहत बसलो. कुत्री पायाशी निजली होती. वडिलांची आठवण झाली. त्यांना हा एक तास कधी मिळाला नाही. तो प्रत्येक कामगाराला मिळावा, यासाठी अजून पुष्कळ भांडावयाचे आहे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.