सात दिवसांची सरासरी

गोकुळ रोडवर माझ्या धाकट्या बहिणीचे घर आहे. विमानतळ, परिवहन संस्थेची मुख्य कचेरी, औद्योगिक वसाहत सगळे याच रस्त्याला. त्यामुळे सकाळी बसगाड्यांचा आवाज, दुपारी वर्कशॉपचा आणि मधूनच डोक्यावरून विमानाचा. पण त्या घरात सगळ्यांना जागेवरून उठवणारा आवाज वेगळाच आहे. अज्जी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, मागच्या दारातून ओरडतात, 'नीर बंतु!' की हातातले काम टाकून सगळे नळाकडे धावतात. हुबळी-धारवाडच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी नसते, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. पाणी भरून झाले की अज्जी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारतात. ही सवय वर्षानुवर्षांची.

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा घरात वातावरण जरा तंग होते. भाची पहिल्या पीयूसीला. कॉमर्सला जाताना तिने 'सेबा' घेतले, म्हणजे संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, बिझनेस स्टडीज आणि अकाउंट्स. पहिल्या चाचणीत बाकी सगळे ठीक, संख्याशास्त्रात पंचवीसपैकी सात. आणि गंमत अशी, की गृहपाठाच्या वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही लाल फुली नव्हती.

"उत्तरं सगळी बरोबर होती गं मावशी," ती म्हणाली, "माझी नव्हती, एवढंच."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. पहिली दोन प्रकरणे शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने सोडवून दिली. तो भराभर लिही, ही उतरवून घेई. तो परीक्षेच्या गडबडीत गेल्यावर मोबाईल होताच. प्रश्नाचा फोटो काढायचा की उत्तर पायऱ्यांसकट समोर. आता विषय बदलून दुसरा गट घ्यायचा तिचा विचार होता. आई म्हणत होती, "झेपत नसेल तर सोड बाई." भाऊजींना ते पटत नव्हते. औद्योगिक वसाहतीत त्यांचे लेथचे काम. दिवसभर मोजमापात वावरणारा माणूस, पण मुलीच्या पुस्तकातली चिन्हे पाहून तेही गप्प होत.

मी बी.कॉम.ला हा विषय शिकले त्याला तीस वर्षे होऊन गेली. अर्धे विसरलेली. तरी वही घेऊन बसले, आणि पहिला अडथळा आला तो आकड्यांचा नव्हे, शब्दांचा!

आपल्या दोन भाषांच्या घरांत हे फार होते. मुलगी दहावीपर्यंत कन्नड माध्यमात, आता पुस्तक इंग्रजी, आणि समजावणारी मावशी मराठी. 'सरासरी' हा शब्द मात्र देवासारखा धावून आला. मराठीत सरासरी, कन्नडमध्येही सरासरी. पुढे वाट वेगळी होते. कन्नड पुस्तकातला 'मध्यांक' तो आपला 'मध्यक', आणि आपल्या पाठ्यपुस्तकात 'मध्य' म्हटले की ती सरासरी. एका अक्षराचा फरक, आणि गणित पार चुकते. मी 'वारंवारता' म्हटले तर ती कोरी नजर लावून बसली. तिची 'आवृत्ती'. मी म्हटले, आवृत्ती पुस्तकाची असते. ती म्हणाली, "पुस्तकात असते ना, तेच!" बहुलकाला जुन्या कन्नड पुस्तकांत 'रूढीबेले' असाही शब्द होता. तो भाऊजींनी काढला आणि अज्जी डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "याव बेळे? तोगरी बेळे?" बेले म्हणजे किंमत, बेळे म्हणजे डाळ. त्या दिवशी पहिल्यांदा पोरगी हसली.

आमचा पहिला अर्धा तास तीन भाषांचा तक्ता करण्यात गेला. मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर असा तक्ता करून द्यायला संख्याशास्त्र यावे लागत नाही, दोन्ही भाषा याव्या लागतात, आणि त्या आपल्या घरांत येतात.

दुसरा अर्धा तास अज्जींच्या कॅलेंडरने घेतला. पुस्तकातल्या उदाहरणात कुठल्याशा कारखान्यातल्या कामगारांचे पगार होते. तिला त्या कामगारांचे काय! मी म्हटले, ते राहू दे, अज्जींच्या फुल्या मोज. उन्हाळ्याच्या त्या पानांवर आठ फुल्या होत्या. तिने लगेच आठ आकडे लिहायला घेतले आणि सातव्यावर थबकली. आठ फुल्यांमध्ये अंतरे सातच! दोन पाण्यांमधले दिवस असे होते: ५, ६, १५, ५, ७, ६, ५. ते मधले १५ म्हणजे जलवाहिनी फुटली होती तेव्हाचे.

बेरीज ४९, भागिले ७, सरासरी ७ दिवस. सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा ५, तो बहुलक. आणि मध्यक? तिने ओळीतल्या चौथ्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, ५. चाचणीत तिचे हेच चुकले होते. मधला आकडा शोधण्याआधी सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभे करावे लागतात, ही पायरी वहीत दुसऱ्याने केलेली असल्यामुळे तिने कधी केलीच नव्हती. रांग लावली: ५, ५, ५, ६, ६, ७, १५. मधला ६.

"तीन उत्तरं कशी? खरं कुठलं?"

हा प्रश्न तिने पुस्तकातल्या पगारांवर कधी विचारला नव्हता. उत्तर भाऊजींकडून आले, तेही नकळत. छतावर नवी टाकी बसवायची होती. घरात दिवसाला साधारण दोनशे लिटर लागते, पाणी सरासरी सात दिवसांनी येते, म्हणजे चौदाशे लिटर पुरे, असा त्यांचा हिशेब. भाचीने रांगेकडे पाहिले. सातपैकी सहा खेपांना ती टाकी पुरली असती. सातव्या खेपेला आठ दिवस कोरडे! अज्जी तिकडून म्हणाल्या, त्या पंधरा दिवसांत घागरी उचलून माझी कंबर गेली ती अजून आली नाही. एरवी पाणी कधी येईल याचा अंदाज करायला मध्यक बरा, कारण एका पंधराने तो ढळत नाही. पंधराच्या जागी तीस असते तरी तो सहाच राहिला असता. सरासरी मात्र सातावरून नवाच्या पुढे गेली असती. आणि टाकी घ्यायची तर दोघांनाही बाजूला ठेवून त्या पंधराकडेच बघावे लागते. कुठला प्रश्न विचारतो आहोत त्यावर उत्तर ठरते, हे तिला कुणी सांगावे लागले नाही.

भाऊजींनाही मग जोर आला. त्यांनी तिला घातलेले कोडे वाचकांनीही करून पाहावे. हुबळीहून धारवाड वीसेक किलोमीटर. जाताना ताशी ४० च्या वेगाने गेलो, येताना गर्दीमुळे ताशी २० ने आलो. सरासरी वेग किती? तीस म्हणाल तर फसाल. जायला अर्धा तास, यायला एक तास, चाळीस किलोमीटरला दीड तास, म्हणजे ताशी सव्वीस-सत्तावीस. बस चालवणाऱ्याला हे पुस्तकाविना ठाऊक असते.

या विषयावरून मला एक जुनी हकिगत आठवते, ती खास आपल्या भागातल्या लोकांनी ऐकावी अशी आहे. जगप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचा जन्म १० सप्टेंबर १९२० रोजी हूविन हडगलीचा. होय, मल्लिगेच्या फुलांची ती हडगली, तेव्हा बळ्ळारी जिल्ह्यात होती, आता विजयनगर जिल्ह्यात आहे. घर तेलुगू. आठवे अपत्य म्हणून नाव राधाकृष्ण. (गोकुळ रोडवर बसून हे लिहिताना मौज वाटते.) पुढे ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत महालनोबिसांच्या हाताखाली गेले आणि वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी कलकत्ता विद्यापीठात शिकवू लागले.

१९४४ च्या सुमाराची गोष्ट. वर्गात अंदाज बांधण्याचे शास्त्र चालले होते. हातात आलेल्या आकड्यांवरून खऱ्या किमतीचा अंदाज करायचा तर तो जास्तीत जास्त किती अचूक होऊ शकेल? आकडे भरपूर असतील तर त्याची मर्यादा इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी सांगितली होती. राव तेच शिकवत होते. समोरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, पण आकडे थोडेच असतील तर? हा विद्यार्थी आपला साताऱ्याचा, वि. म. दांडेकर. त्याचाही जन्म १९२० चाच, म्हणजे गुरू आणि शिष्य एकाच वयाचे. रावांकडे उत्तर नव्हते. ते घरी गेले, रात्री बराच वेळ त्यावर बसले आणि उत्तर शोधून काढले. १९४५ साली ते छापून आले. स्वीडनच्या क्रेमर यांनाही स्वतंत्रपणे तेच सापडले, म्हणून आज जगभर ते क्रेमर-राव यांच्या नावाने शिकवले जाते. रावांना २०२३ मध्ये संख्याशास्त्राचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, त्यात या १९४५ च्या लेखाचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १०२ व्या वर्षी ते गेले. दांडेकर पुढे पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक झाले. नीळकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ साली त्यांनी भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास मांडला, तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो.

भाचीला यातले सूत्र कळायचे नाही, मलाही कळत नाही. पण शिक्षकाला घरी जाऊन गृहपाठ करावा लागला, हे ऐकून ती खूश झाली. वर्गात हात वर करायला तिला लाज वाटते, हे खरे दुखणे होते. "सगळ्यांना येतं, मलाच येत नाही असं वाटतं," म्हणाली. आईने लगेच विचारले, "सगळ्यांना म्हणजे किती जणांना? मोजलेस का?" माझी बहीण हा विषय शिकलेली नाही, बरे का!

रावांच्या आईचीही एक आठवण आहे. लहानपणी ती रोज पहाटे चारला त्यांना उठवी आणि अभ्यासासाठी तेलाचा दिवा लावून देई, हे त्यांनी आपल्या एका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत नमूद केले आहे. तिने गणिते सोडवून दिल्याचा त्यात उल्लेख नाही.

मोबाईलला मी शिव्या घालणार नाही. ट्यूशनला महिन्याला पैसे मोजणे सर्वांना जमत नाही, आणि रात्री दहाला अडलेले विचारायला दुसरे कोण असते? पण त्यातही एक खोच आहे, ती आम्हाला त्याच संध्याकाळी सापडली. त्या सात आकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, तिने हाताने काढले. सरासरी सात. प्रत्येकाचे अंतर: -२, -१, ८, -२, ०, -१, -२. वर्ग करून बेरीज ७८. भागिले ७, वर्गमूळ ३.३४. मोबाईल सांगत होता ३.६१. पोरगी रडकुंडीला आली. "बघ, पुन्हा चुकलं!"

चुकले काहीच नव्हते. मोबाईलने ७८ ला सहाने भागले होते. असे का, ते आम्ही अंतरांची बेरीज करून पाहिले. ती शून्य येते, नेहमीच येते. म्हणजे सहा अंतरे कळली की सातवे आपोआप ठरलेले, त्याला स्वतःचे काही सांगायचे उरत नाही. शिवाय सरासरी याच सात आकड्यांतून काढलेली असल्यामुळे ती त्यांना जरा जास्तच जवळची असते आणि पसारा आहे त्याहून थोडा कमी दिसतो. म्हणून या सातांवरून वर्षभराच्या पाण्याचा अंदाज करायचा असेल तर सहाने भागतात. फक्त या सातांचेच वर्णन करायचे असेल तर सातने. तिच्या पीयूसीच्या पुस्तकात सातने भागायचे आहे. कॅलक्युलेटरवरही यासाठी दोन वेगळी बटणे असतात. मोबाईलला विचारतानाच 'किती आकड्यांनी भागायचं ते पुस्तकाप्रमाणे' असे सांगावे लागते, आणि ते सांगायला आधी आपल्याला ठाऊक असावे लागते.

रात्री जेवताना ठरले ते एवढेच, की दुसऱ्या चाचणीपर्यंत गट बदलायचा नाही. गृहपाठ आधी पेन्सिलने स्वतः करायचा, अडेल तिथे रेघ मारून थांबायचे आणि शेजारच्या मुलाला 'करून दे' न म्हणता 'ही पायरी का?' एवढेच विचारायचे. तो भला मुलगा आहे. पहिल्यांदा विचारले तेव्हा त्यालाच सांगता येईना आणि दोघे पुस्तक उघडून बसले, असे बहिणीने फोनवर सांगितले. टाकी तीन हजार लिटरची घेतली.

दुसऱ्या चाचणीचा निकाल अजून यायचा आहे. परवा मात्र भाचीचा फोन आला. मागे 'नीर बंतु'चा गोंधळ ऐकू येत होता. या वेळी चारच दिवसांत पाणी आले होते. अज्जींनी फुली मारली आणि हिने वहीत आठवा आकडा लिहिला.

"मावशी, आता आठ झाले गं. मधला कुठला धरू? मधे दोन येतात."

मी म्हटले, कुठले दोन?

"थांब, रांग लावते," म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून पेन्सिल शोधायला गेली.