२१ तारा, ८०० वर्षं

तुमच्या प्लेलिस्टमधलं एखादं गाणं डिलीट झालं, तर तुम्ही काय कराल? दोन मिनिटांत पुन्हा डाउनलोड! पण समजा, त्या गाण्यातच तुमच्या देशाचा इतिहास असेल आणि तो मोजक्याच घराण्यांना पाठ असेल, तर?

पश्चिम आफ्रिकेतल्या माली, गिनी, गांबिया, सेनेगल या देशांतल्या मांदे लोकांनी ही रिस्क शतकानुशतकं घेतलीय. इतिहास सांभाळायचं काम त्यांनी गाणाऱ्या घराण्यांवर सोपवलं. जग या गायकांना ‘ग्रिओ’ म्हणतं, ते स्वतःला ‘जेली’ म्हणवतात. (खायची जेली नव्हे! तिकडे या शब्दाचा एक अर्थ रक्त असाही होतो.) कुयाते, जाबाते, सिसोको ही त्यातली नावाजलेली घराणी. वंशावळी पाठ ठेवायच्या, लग्नात-बारशात त्या गायच्या, दोन घरांत वाजलं की मध्यस्थी करायची, हे सगळं त्यांचंच काम. १३५२ मध्ये मालीकडे निघालेल्या इब्न बतुताने तिथल्या दरबारातल्या ग्रिओंबद्दल लिहून ठेवलंय.

त्यांचं सगळ्यात मोठं महाकाव्य सुंजाता केताचं. लहानपणी चालूही न शकणारा हा मुलगा पुढे परागंदा होतो, परत येतो आणि १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत सोसोचा राजा सुमाओरो कांते याला हरवून माली साम्राज्य उभं करतो. गंमत बघा, या कथेत सुमाओरो सुंजाताचा ग्रिओ बाला फासेके यालाच अडकवून ठेवतो. कुयाते घराणं स्वतःला याच बाला फासेकेचं वंशज मानतं. कथेतला तो ‘सोसो बाला’ हा लाकडी पट्ट्यांचा बालाफोन गिनीतल्या नियागासोला गावात आजही जपून ठेवलाय.

ग्रिओंचं दुसरं वाद्य म्हणजे कोरा. अर्धा भोपळा, त्यावर गाईचं कातडं आणि २१ तारा. तुमानी जाबातेने १९८८ मध्ये ‘कायरा’ या अल्बममधून एकट्या कोराला जगाच्या स्टेजवर नेलं. २०२४ मध्ये तो गेला. त्याचा मुलगा सिदिकीही कोराच वाजवतो.

पण मुलगाच का? खरा पेच इथे आहे. सुंजाताच्या केता घराण्यातल्या सालिफ केताने गाणं म्हणजे घराण्याला न शोभणारी गोष्ट. राजवंशाने ऐकायचं, गायचं नाही! तरी तो गायला आणि जगभर गाजला. कोरा बापाकडून मुलाकडे जायचा. सोना जोबार्ते ही ग्रिओ घराण्यातली मुलगी तो व्यावसायिक स्तरावर वाजवू लागली आणि गांबियात तिने शाळाही काढली.

मग परंपरा बुडाली का? उलट, ऐकणारे वाढले. ज्या कडक नियमाने हे गाणं ८०० वर्षं टिकवलं, त्याच नियमाने अनेकांना दाराबाहेरही ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१९६० मध्ये जिब्रिल तमसीर नियान यांनी ग्रिओ मामादू कुयातेकडून ऐकलेली सुंजाताची कथा फ्रेंचमध्ये पुस्तकरूपात आणली. म्हणजे बॅकअप आहे! पण पुस्तक समोर बसलेल्याला त्याच्या पूर्वजांच्या नावाने हाक मारत नाही. ग्रिओ मारतो.

आज रात्री हेडफोन लावा आणि ‘कायरा’ सलग ऐका. स्किप न करता, बरं का!