एकवीस दिवसांची शाळा



मार्च संपत आला की आपल्याकडे उन्हाचा चटका जाणवू लागतो. पळस फुललेला असतो, आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात आणि तुम्ही मात्र वार्षिक परीक्षेच्या धावपळीत असता. आता मनानेच अमेरिकेच्या उत्तर भागात चला. तेथे याच सुमारास साचलेले बर्फ वितळू लागते, उघड्याबोडक्या फांद्यांवर कळ्या डोकावतात आणि चार-पाच महिने कोटात गुरफटलेली मुले पुन्हा मैदानावर धावू लागतात. त्यांची वार्षिक सुट्टी अजून दोन-अडीच महिने दूर असते. म्हणजे वसंत ऋतू हा त्यांच्या ऐन शाळेचा काळ!

या दिवसांत तेथील अनेक कॅथॉलिक प्राथमिक शाळांत एक पाहुणा येतो. चर्चच्या शेजारीच शाळा, हे तिकडचे जुने चित्र आहे. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या धर्मसभेने प्रत्येक चर्चच्या हद्दीत एक शाळा असावी असा आदेश दिला आणि अशा शाळा देशभर पसरल्या. बहुतेक ठिकाणी बालवर्गापासून आठवीपर्यंतची मुले एकाच इमारतीत शिकतात. वसंतात त्यांच्या खिडक्यांत काचेच्या पेल्यांतून घेवड्याचे कोंब वर येतात, जाळीच्या पिंजऱ्यात सुरवंटाचे फुलपाखरू होते आणि एखाद्या वर्गातल्या टेबलावर झाकण असलेली एक पेटी येऊन बसते. तोच आपला पाहुणा: अंडी उबवण्याचे यंत्र. इतर शाळांतही तो जातोच. पण या शाळांत अंड्याला आणखी एक नाते आहे. आधी ते पाहू या.

कोंबडी आणि पंचांग

वसंतात येणारा ख्रिस्ती लोकांचा मोठा सण म्हणजे ईस्टर. धर्माच्या तासाला मुलांना सांगतात, की बंद अंड्यातून जीव बाहेर येतो तसा येशू कबरीतून उठला. म्हणून अंडे ही या सणाची खूण. पण अंडे नेमके याच वेळी का आठवावे? याचे अर्धे उत्तर स्वयंपाकघरात आहे. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मध्ययुगीन युरोपात या काळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. पण उपवास माणसांचा. कोंबड्यांना त्याचे काय! त्या अंडी घालतच राहत. ईस्टर येईपर्यंत घरोघर अंड्यांच्या टोपल्या भरत आणि त्या दिवशी अंड्यांची चंगळ होई.

उरलेले अर्धे उत्तर आकाशात आहे. शिकागो शहर घ्या. तेथे डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, तर जूनमध्ये सव्वापंधरा तासांचा. आपल्या मुंबईत हा फरक अकरा ते सव्वातेरा तास एवढाच. पक्ष्यांना प्रकाश केवळ डोळ्यांनीच कळतो असे नाही. कवटीतून झिरपणारा प्रकाश ओळखणाऱ्या पेशी त्यांच्या मेंदूतही असतात. दिवस मोठा होऊ लागला की या पेशींकडून संदेश जातो, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी संप्रेरके सोडते आणि अंडाशयाचे काम जोरात सुरू होते. थंड देशांत हिवाळ्यात थांबलेली कोंबडी वसंतात पुन्हा अंडी देऊ लागते ती यामुळे. आजच्या कुक्कुटपालन केंद्रांत विजेचे दिवे लावून हाच वसंत बाराही महिने टिकवला जातो!

ईस्टरची तारीखही आकाशावरूनच ठरते. नियम असा: २१ मार्च हा वसंतसंपात धरायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा शोधायची, त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा चर्चच्या गणिती कोष्टकातून घेतात, त्यामुळे आकाशातल्या पौर्णिमेशी कधीकधी तिचा एखाद्या दिवसाचा फरक पडतो. या हिशेबाने ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो.

तुमच्या घरच्या दिनदर्शिकेवर हे ताडून पाहता येईल, कारण आपले बरेचसे सणही चंद्रावरच चालतात. २०२४ साली धुळवड २५ मार्चला होती; त्यानंतरचा रविवार ३१ मार्च, तोच ईस्टर. २०२६ साली चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. आता २०२७ चे उत्तर तुम्ही काढा. पौर्णिमा २२ मार्चची आहे. तुमचे उत्तर २८ मार्च आले, तर गणित जमले म्हणायचे.

पेटीत अंडी ठेवताना

ईस्टरची सुट्टी आटोपली की वर्गात पेटी लागते. अमेरिकेत 'फोर-एच' नावाची मुलांची जुनी संघटना आहे. अनेक ठिकाणी तिच्याच कार्यक्रमातून शाळांना फलित अंडी मिळतात आणि पिल्ले परत नेण्याचीही सोय होते. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. करमणुकीसाठी जीव जन्माला घालू नयेत, असा आक्षेप प्राण्यांविषयी कळकळ असणारे लोक घेतात आणि तो रास्तच आहे. म्हणून चांगल्या शाळेत पहिला प्रश्न 'अंडी कोठून आणायची' हा नसतो, 'पिल्लांना पुढे कोण सांभाळणार' हा असतो. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पेटीची कळ दाबायची नाही.

दुसरा प्रश्न दिवस मोजण्याचा. कोंबडीचे अंडे उबायला २१ दिवस लागतात, म्हणजे बरोबर तीन आठवडे. ज्या वारी अंडी ठेवाल, त्याच वारी पिल्ले निघायची. रविवारी ठेवली तर पिल्ले रविवारी निघतील आणि वर्ग रिकामा असेल! म्हणून बहुधा मंगळवार-बुधवार निवडतात.

पेटीचे तपमान सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस राखावे लागते. ते दोन अंशांनी वर जाऊन तसेच राहिले तर गर्भ दगावतो. थोडा वेळ खाली गेले तर मात्र तो पुष्कळदा तग धरतो. पेटीत पाण्याची वाटी ठेवून हवा दमट ठेवतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढतात. दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडे फिरवायचे. आता फुली वर, मग गोल वर. न फिरवल्यास गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटण्याचा धोका असतो. पण तीन किंवा पाचच का, चार का नाही? विचार करा. रात्री कोणी फिरवायला नसते. सम वेळा फिरवले तर रोज रात्री तीच बाजू वर राहील. विषम वेळा फिरवले तर ती आलटूनपालटून बदलेल. शनिवार-रविवारी पाळी कोणाची, यावर मात्र वर्गात बराच खल होतो.

अंडे श्वास घेते

बाहेरून पाहिले तर अंडे दगडासारखे निपचित. आत मात्र घाई चाललेली असते. दुसऱ्याच दिवशी हृदय धडधडू लागते. तेव्हा मेंदू, पाय, चोच यांपैकी काहीही नीट तयार झालेले नसते. ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अंडी फोडून हा क्रम पाहिला होता आणि पांढऱ्या बलकात उसळणाऱ्या रक्ताच्या ठिपक्याचे वर्णन लिहून ठेवले होते.

आज अंडे फोडावे लागत नाही. सातव्या दिवशी वर्गात अंधार करतात. पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडून मागे विजेरी धरतात आणि त्या भोकावर अंड्याचे रुंद टोक टेकवतात. अंडे नारिंगी उजळते. जिवंत असेल तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या दिसतात आणि मध्ये एक काळा ठिपका, तो डोळ्याचा. कधीकधी तो हलतो! त्या क्षणी वर्ग एकदम गप्प होतो. काही अंडी मात्र स्वच्छ पिवळी दिसतात. ती फलित नव्हती, किंवा गर्भ सुरुवातीलाच थांबला.

आता तुम्हा मोठ्या मुलांसाठी एक गणित. कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. साधारण ६० ग्रॅमच्या अंड्यात २१ दिवसांत सुमारे ६ लिटर ऑक्सिजन आत जातो, सुमारे ४.५ लिटर कार्बन डायऑक्साइड आणि ११ लिटर पाण्याची वाफ बाहेर पडते. यांची वजने काढा. २२.४ लिटर वायूत एक ग्रॅम-रेणू असतो हे तुम्ही शिकला असाल. त्यावरून ऑक्सिजन भरतो ८.६ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड ८.८ ग्रॅम आणि वाफही ८.८ ग्रॅम. म्हणजे आत आलेला ऑक्सिजन आणि बाहेर गेलेला कार्बन डायऑक्साइड वजनाने जवळजवळ सारखे! अंड्याचे वजन घटते ते केवळ पाणी गेल्यामुळे. ६० ग्रॅमचे अंडे अखेरीस ५१ ग्रॅमच्या आसपास येते. एका अंड्याची रोजची घट अर्ध्या ग्रॅमहून कमी. ती साध्या काट्यावर कळत नाही. पण डझनभर अंडी एकत्र तोलली तर रोज पाच ग्रॅम कमी झालेले स्वच्छ दिसतात.

वर्गात असा आलेख काढला की रेषा सरळ खाली उतरत जाते. मुले आनंदाने म्हणतात, "वजन घटते आहे, म्हणजे पिल्लू वाढते आहे!" येथे थांबा. हा निष्कर्ष बरोबर आहे का?

शोधण्याचा मार्ग एकच. पेटीत एक न फळलेले अंडेही ठेवायचे आणि ते वेगळे तोलायचे. त्याचेही वजन जवळजवळ तितकेच घटते! पाणी कवचाच्या छिद्रांतून जाते. आत जीव आहे की नाही, याची त्याला पर्वा नसते. आणि श्वासोच्छ्वासाची वजने तर एकमेकांत फिटून जातात. म्हणजे जिवंत आणि निर्जीव यांतला फरक तराजूला कळत नाही. तो प्रकाशाला कळतो. तुलनेसाठी ठेवलेले एक साधे अंडे नसते, तर अख्ख्या वर्गाने चुकीची गोष्ट खरी मानली असती. असे तुलनेचे अंडे प्रत्येक प्रयोगात शोधायला शिकलात, तर अर्धे विज्ञान शिकलात.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे बंद करतात, पाणी वाढवतात आणि झाकण लावून टाकतात. आता पेटी उघडायची नाही. आत पिल्लाने बहुतेक सारी जागा व्यापलेली असते. मोकळा उरतो तो रुंद टोकाकडचा वायुकोश. पाणी गेल्यामुळेच ही जागा मोठी झालेली असते. उरलेला पिवळा बलक पिल्लू नाभीतून पोटात ओढून घेते. विसाव्या दिवसाच्या सुमारास चोच वायुकोशात शिरते आणि फुप्फुसात पहिल्यांदा हवा जाते. मग बंद अंड्यातून 'चिव' असा आवाज येतो!

चोचीच्या टोकावर एक टणक दाणा असतो. त्याने पिल्लू कवचाला पहिला तडा पाडते आणि दमून पडून राहते. कधी बारा तास, कधी त्याहूनही जास्त. हीच खरी परीक्षेची वेळ. "बाई, ते मरेल! आपण कवच सोलू या ना!" अशी विनवणी होते. शहाण्या बाई नकार देतात. पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांत अजून रक्त असते, बलक पुरता आत गेलेला नसतो. घाईने सोलले तर मदतीच्या हातानेच पिल्लू रक्तबंबाळ होते. काही न करणे हीसुद्धा कधीकधी काळजी असते. पण ती फार जड जाते.

शेवटी ओलेचिंब, लटपटणारे पिल्लू बाहेर पडते आणि काही तासांत पिवळ्या कापसाच्या गोळ्यासारखे होते. पोटातल्या बलकावर ते दोन-तीन दिवस अन्नाविना राहू शकते. त्याच जोरावर १९१८ पासून अमेरिकेत एक दिवसाची पिल्ले चक्क टपालाने पाठवली जात आहेत.

सगळीच अंडी फुटतात असे क्वचित घडते. बारांपैकी तीन-चार तशीच राहतात. ती गुपचूप उचलून टाकणे सोपे. पण मग तक्ता खोटा होतो. चांगल्या वर्गात न फुटलेल्या अंड्यांची संख्याही त्याच शाईने लिहितात आणि शेजारी कारणांचा रकाना ठेवतात: फलित नव्हते? तपमान वाढले? रविवारी फिरवायचे राहिले? या शेवटच्या कारणापुढे स्वतःचे नाव लिहायला धैर्य लागते.

करून पाहा

तुमच्याकडे यंत्र नसेल, पण गावात खुडूक कोंबडी नक्कीच असेल. तिचे यंत्र सर्वांत जुने आणि वीज गेली तरी न बंद पडणारे! घरच्यांच्या परवानगीने एक वही घाला. ती दिवसातून किती वेळा आणि किती वेळ उठते? चोचीने अंडी कशी फिरवते? कितव्या दिवशी पहिला तडा? दुकानातली अंडी मात्र उबवायला ठेवू नका. तेथील कोंबड्या सहसा कोंबड्याशिवाय वाढवलेल्या असतात, त्यामुळे त्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. अंड्यांना किंवा पिल्लांना हात लावलात तर साबणाने हात धुवायला विसरू नका.

किती अंडी ठेवली आणि किती फुटली, ते दोन्ही आकडे वहीत लिहा. दुसरा आकडा पहिल्याहून लहान आला तर लाजू नका. त्याच्यापुढचा कारणांचा रकाना भरताना जे शिकाल, ते सगळी अंडी फुटली असती तर कदाचित शिकला नसता.